वाढीव ताकद आणि मागचा आस



मागच्या चाकांना ओढ असलेल्या मोटारीच्या पोटाखाली, त्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये, साधारण भोपळ्याच्या आकाराची एक लोखंडी पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. गाडी विकत घेणारा मनुष्य रंग पाहतो, बैठक पाहतो, फार झाले तर पुढचे झाकण उघडून इंजिन पाहतो. वाकून ही पेटी पाहणारा शंभरात एखादा. परंतु इंजिनाने निर्माण केलेली सारी ताकद जमिनीपर्यंत पोचते ती या पेटीतूनच. आज मला सांगावयाचे आहे ते हे की, एखाद्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद वाढविली म्हणजे ही पेटी बदलून दुसरी, अधिक भक्कम पेटी का घालावी लागते, ती कशी घालतात, आणि ती घातल्यावर भार नाहीसा होतो की दुसरीकडे जातो.

प्रथम ही पेटी काय काम करते ते पाहू. तिची कामे तीन. इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो व स्वतःभोवती फिरतो. चाकांना मात्र आडव्या आसावर फिरावयाचे असते. तेव्हा फिरण्याची दिशा काटकोनात वळविणे हे पहिले काम. शाफ्टच्या टोकाशी एक लहान दातेरी चक्र असते, ते पिनियन. आणि त्याला अडकलेले मोठे कंकणाकृती चक्र, ते क्राऊन. पिनियन चार-सव्वाचार वेळा फिरावे तेव्हा क्राऊन एकदा फिरावे, अशी दात्यांची संख्या ठेवलेली असते. वेग जितक्या पटीने कमी होतो तितक्या पटीने पीळ वाढतो. या पिळालाच इंजिनिअर मंडळी टॉर्क म्हणतात. हे दुसरे काम. तिसरे काम सर्वांत चतुराईचे आहे, आणि त्यावरूनच पेटीला नाव मिळाले आहे.

आपण मोर्चा पाहिला असेल. आठ-आठांची रांग रस्त्याच्या कोपऱ्यावर वळू लागली की आतल्या कडेचा मनुष्य जागच्या जागी पाय वाजवितो आणि बाहेरच्या कडेच्या माणसाला लांब लांब ढांगा टाकाव्या लागतात. सर्वांनी एकाच मापाची पावले टाकावयाची म्हटले तर रांग मोडेल. मोटारीची दोन चाकेही वळणावर अशीच वेगवेगळे अंतर चालतात. बैलगाडीत हा प्रश्नच येत नाही. तिथे आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर सुटी फिरतात, कारण ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत चाकांनाच ओढावयाचे असते. दोन्ही चाके एका दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर एक चाक फरफटणार. म्हणून क्राऊनच्या पोटात आणखी चार लहान चक्रांची एक जुळणी बसवितात. दोन चक्रे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर, आणि दोन त्यांच्यामध्ये आडवी. ही युक्ती पॅरिसचा घड्याळजी ओनेसिफोर पेक्युर याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. पेट्रोलची मोटार त्या वेळी जन्मालाही आली नव्हती.

या आडव्या चक्रांचे काम बैलांच्या जुवासारखे आहे. जुवाच्या बरोबर मध्यावर ओढ असली म्हणजे एक बैल अर्धे पाऊल पुढे गेला तरी दोघांच्या मानेवरचा भार सारखाच राहतो. त्याचप्रमाणे साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेग वेगवेगळा घेऊ देतो, पण पीळ मात्र दोघांना समसमान वाटतो. या न्यायात एक उणीव आहे. एक चाक चिखलात सापडले आणि त्याला जमीन मिळेनाशी झाली, तर ते जेवढा पीळ झेलू शकते तेवढाच दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक चाक भिरभिर फिरते, दुसरे स्वस्थ उभे राहते आणि गाडी जागची हलत नाही. या उणिवेवरचा उपाय पुढे सांगतो.

आता भाराचा हिशेब करू. हिशेब प्रत्यक्ष गाडीचा असावा म्हणून जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही गाडी घेऊ. मियाटा या नावानेही ती ओळखली जाते. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, हलकी गाडी. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. २०१६ साली या गाडीच्या उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर गेला, यावरून तिची लोकप्रियता समजावी. पहिल्या गाड्यांत १.६ लिटरचे इंजिन होते आणि त्याचा जास्तीत जास्त पीळ सुमारे १३६ न्यूटन-मीटर होता. गिअरपेटीत पहिल्या गिअरला हा पीळ सुमारे ३.१४ पट होतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर सव्वाचारशेच्या आसपास येतो. पुढे क्राऊन-पिनियन त्याचा ४.३ पट करतात. घर्षणाची तूट सोडून दिली तर मागच्या दोन चाकांवर मिळून १,८०० न्यूटन-मीटरहून अधिक पीळ पडतो. इंजिनाने १३६ दिले आणि आसाने १,८०० सोसले. ताकद जिथे तयार होते तिथे ती सर्वांत मोठी नसते. ती मोठी होते वाटेत, आणि सर्वांत मोठी होते ती शेवटच्या गड्याच्या डोक्यावर.

मग हा पीळ कितीही वाढू शकतो काय? नाही. चाकाची त्रिज्या सुमारे २९ सेंटिमीटर धरली तर १,८०० चा पीळ म्हणजे जमिनीवर सव्वासहाशे ते साडेसहाशे किलो वजनाएवढी ढकल. गाडीचे वजन चालकासह हजार किलोंच्या थोडे वर, आणि त्यातले निम्मे मागच्या चाकांवर; गाडी पुढे झेपावते तेव्हा मागे आणखी थोडे वजन येते. साधा टायर कोरड्या रस्त्यावर जवळजवळ आपल्यावरील वजनाइतकीच ढकल सहन करतो, त्यापुढे तो घसरतो. म्हणजे या गाडीत इंजिनाची ताकद आणि टायरची पकड यांचा जवळजवळ तोल आहे. टायर घसरला की त्यापुढचा भार दात्यांवर येत नाही. विजेच्या खटक्यात फ्यूजची तार जे काम करते ते येथे टायर करतो.

परंतु शौकीन मालक काय करतो? तो इंजिनाला टर्बोचार्जर बसवून पीळ दीडपट करतो. मग चाके घसरू लागली म्हणून रुंद, चिकट टायर घालतो. म्हणजे ताकद वाढविली आणि फ्यूजही जाड केला. शिवाय शर्यतीच्या सुरुवातीला इंजिन जोराने फिरवून क्लच एकदम सोडतो. त्या क्षणी इंजिनाचा पीळ तर येतोच, पण जड फ्लायव्हीलमध्ये साठलेला वेगही घणासारखा दात्यांवर आदळतो. चाक उड्या मारू लागले तर हा घण एकदा नव्हे, सेकंदात अनेकदा पडतो. दाता तुटतो तो बहुधा अशा घावाने. सावकाश चढत जाणारे ओझे लोखंड पुष्कळ सोसते. हिसका सोसत नाही.

हे ज्ञान आजचे नाही. १९६१ साली अमेरिकेतील कॅरोल शेल्बी या शर्यतपटूने इंग्लंडमधील थेम्स डिटन येथील एसी कंपनीला पत्र लिहून विचारले की, तुमच्या ‘एस’ नावाच्या हलक्या गाडीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसेल काय? ‘एस’मध्ये तोवर ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन येत असे आणि ते बंद होत होते. त्याच्या जागी फोर्डचे सव्वाचार लिटरचे इंजिन आले. पीळ दुपटीच्या घरात गेला. ही गाडी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली कोब्रा. लोक तिच्या इंजिनाच्या कथा सांगतात. पण कारखान्यातील कारागिरांनी १९६२ साली जो सर्वांत महत्त्वाचा बदल केला तो मागे होता: जुना ईएनव्ही बनावटीचा डिफरन्शियल काढून त्यांनी सॉल्सबरी कंपनीचा ४एचयू हा भक्कम डिफरन्शियल घातला. जग्वार कंपनीच्या ई-टाइप या प्रसिद्ध गाडीत तोच वापरीत. पहिल्या नमुन्यात मागचे ब्रेकही डिफरन्शियललाच लागून होते. विक्रीच्या गाड्यांत खर्च वाचविण्यासाठी ते चाकांपाशी नेले. हा बदल झाला नसता तर ते थोर इंजिन पहिल्या काही मैलांतच आपल्याच गाडीचा कणा मोडून बसले असते.

पण गोष्ट तिथेच संपली नाही. पुढे त्याच गाडीत सात लिटरचे इंजिन घालावयाचे ठरले, तेव्हा पाळी सांगाड्याची आली. १९६५ च्या गाडीत सांगाड्याच्या मुख्य नळ्या तीन इंच व्यासाऐवजी चार इंचांच्या केल्या आणि आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. एक सांधा बळकट केला की भार पुढच्या सांध्यावर जातो. हे सूत्र लक्षात ठेवावे.

आता पुन्हा मियाटाकडे वळू. पहिल्या १.६ लिटरच्या गाड्यांत क्राऊनचा व्यास सुमारे सहा इंच होता. १९९४ च्या मॉडेलात १.८ लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर कंपनीने क्राऊन सात इंचांचे केले. एका इंचाने असा काय फरक पडणार, असे वाटेल. तर पाहा. पीळ तोच असताना चक्राची त्रिज्या वाढली की दात्यावरचा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. दाता जाड झाला की तो वाकण्यास अधिक विरोध करतो. दाता रुंद झाला की जोर अधिक लांबीवर पसरतो. लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही मापे सारख्याच प्रमाणात वाढली असे धरले, तर सोसण्याची शक्ती मापाच्या घनाने वाढते. सात भागिले सहा, आणि त्याचा घन केला तर उत्तर येते सुमारे १.५९. म्हणजे एक इंच वाढविल्याने शक्ती दीडपटीहून जास्त झाली. म्हणून जुन्या १.६ गाडीचे इंजिन बळकट करणारा मनुष्य प्रथम नंतरच्या १.८ गाडीचा मागचा संच शोधतो.

संच हा शब्द मी मुद्दाम वापरला. नुसती पेटी आणून भागत नाही. मोठ्या पेटीचे तोंड मोठे, म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजची भोके जुळत नाहीत. तेव्हा शाफ्टही १.८ चाच घ्यावा लागतो. पेटीतून चाकांकडे जाणारे दोन अर्धे आसही त्याच गाडीचे लागतात. सुदैवाने आसांची बाहेरची टोके जुन्या गाडीच्या हबमध्ये बसतात आणि पेटी जुन्याच जागी टांगता येते. पेटी, शाफ्ट आणि दोन आस असे चार नग एकाच गाडीतून घेतले की काम सरळ होते.

काम करताना पहिली काळजी माणसाची. गाडी चारही कोपऱ्यांवर भक्कम स्टँडवर घ्यावी; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मालकानेही नाही आणि पोराला तर मुळीच धाडू नये. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण गॅरेजमधला अपघात बहुधा अशाच क्षुल्लक गोष्टीत दडलेला असतो. मग तेल काढावे. मात्र काढण्याचा स्क्रू सोडण्यापूर्वी भरण्याचा स्क्रू सुटतो की नाही ते पाहून घ्यावे, नाहीतर तेल गेलेली पेटी आणि गंजून बसलेला स्क्रू घेऊन बसण्याची पाळी येते. या गाडीत गिअरपेटी आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट असते. ती सोडण्यापूर्वी गिअरपेटीच्या शेपटाखाली आधार द्यावा, नाहीतर शेपूट खाली झुकते. शाफ्ट काढावा, आस मोकळे करावेत आणि पेटी जॅकवर तोलून दोघांनी मिळून उतरवावी. ती एकट्याने छातीवर झेलण्याइतकी हलकी नसते. नवी पेटी चढविताना उलट क्रम. तेल गळू न देणाऱ्या रबरी सीला नव्या घालाव्यात, कारण पुन्हा इथवर हात पोचावयाचा तर सारे काम पुन्हा आले.

कोणी विचारील, अख्खी पेटी कशाला, नुसते क्राऊन-पिनियन का बदलू नयेत? सहा इंचांच्या पेटीत सात इंचांचे चक्र मावत नाही, हे एक. दुसरे असे की या दोन चक्रांची जुळणी फार नाजूक असते. दोन्ही कारखान्यातच जोडीने घासलेली असतात. दात्यांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते. बेअरिंगांवरचा दाब मोजून घ्यावा लागतो. दात्यांना रंग लावून फिरवून पाहावे लागते की टेकण्याची खूण दात्याच्या मध्यावर उमटते की कडेला. कडेला उमटली तर पातळ शिमा घालून पुन्हा सुरुवात. चूक झाली की पेटी आधी रडू लागते आणि मग तुटते. अखंड पेटी आणली म्हणजे कारखान्यातल्या कुशल हातांनी केलेली ती जुळणी आपल्याला आयती मिळते.

तेलाचीही एक गोष्ट. या पेटीतले पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसविलेले असते. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तीत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. त्या प्रचंड दाबाखाली साधे तेल पिळून निघून जाते आणि लोखंडाला लोखंड लागते. म्हणून जीएल-५ प्रतीचे, खास दाब सोसणारे तेलच घालावे.

बदलामुळे आणखी एक गोष्ट घडते, ती ध्यानात न घेणारा फसतो. १.६ गाडीचे प्रमाण ४.३०, तर १९९४ नंतरच्या पहिल्या १.८ गाड्यांचे ४.१०. म्हणजे पेटी भक्कम आली, पण चाकांवरचा पीळ शेकडा साडेचारच्या आसपास कमी झाला आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक धावू लागली. या गाडीतला वेगदर्शक काटा गिअरपेटीवरून चालतो. मागे काय बदलले हे त्याला कळत नाही. तो शंभर दाखवितो तेव्हा गाडी खरोखर एकशेपाचच्या आसपास धावत असते. गिअरपेटीतले काट्याचे लहान चक्र बदलले की हिशेब जुळतो. न बदलल्यास पोलिसाला काट्याची सबब सांगून चालत नाही, आणि रस्त्यावरच्या पोरालाही नाही.

मघाच्या उणिवेवरचा उपायही याच संचात मिळू शकतो. समान वाटणीचा न्याय चिखलात कामाचा नाही, म्हणून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल निघाले. काहींत घर्षणाच्या चकत्या असतात. काहींत घट्ट द्रव असतो. मियाटाच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत असा द्रवाचा प्रकार होता. १९९४ पासून काही गाड्यांत टॉर्सन आला. त्यात मळसूत्री चक्रे असतात. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन संशोधकाला त्याचे पेटंट १९५८ साली मिळाले. एक चाक निसटू लागले की ही चक्रे एकमेकांवर अडतात आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला अधिक पीळ देतात, दुसऱ्याच्या काही पट. मात्र एक चाक पूर्ण हवेत असले तर तोही फारसे करू शकत नाही. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच.

एवढे सारे केल्यावर गाडी अजिंक्य झाली काय? नाही. आता अशक्त कोण, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. क्लच घसरेल. तो जाड केला तर गिअरपेटीचे दाते बोलू लागतील. तीही बदलली तर आसांचे सांधे. म्हणून जाणता मेकॅनिक सर्व ठिकाणी सारखी ताकद शोधत नाही. तो एक स्वस्त, सहज हाताला लागणारा भाग जाणूनबुजून मवाळ ठेवतो, म्हणजे मोडलेच तर ते मोडावे. क्लच घसरला तर मनुष्य सुखरूप घरी येतो. भर वेगात मागची पेटी जाम झाली तर येईलच असे नाही.

मी कामगार-संघटनेत काम करणारा मनुष्य. मोटारीच्या विषयात मला रस वाटला तो याच ठिकाणी. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्याच्या कारणांत एक असे होते की, दोन मागांवर, गिरणीच्या भाषेत साच्यांवर, काम करणाऱ्या विणकराने तीन साचे चालवावेत. उत्पादन वाढवावयाचे होते, आणि वाढीचा भार शेवटच्या गड्यावर टाकला होता. त्या योजनेच्या कागदावर यंत्रांचा हिशेब होता. माणसाच्या पाठीचा, डोळ्यांचा आणि झोपेचा नव्हता. यंत्राच्या बाबतीत आपण इतके अडाणी राहत नाही. इंजिन दुप्पट केले तर मागचा आस सोसेल का, हे कोब्राच्या कारागिरांनी गाडी रस्त्यावर आणण्याआधी विचारले आणि उत्तर नाही आले तेव्हा आस बदलला. लोखंडाला सात इंचांचे चक्र देता येते. माणसाला दुसरी पाठ देता येत नाही. त्याच्या बाबतीत भारच मोजून ठेवावा लागतो.

तेव्हा कारखान्यात असो, गॅरेजमध्ये असो की घरी, कोणी म्हणाले की आम्ही ताकद वाढविली, तर त्याचे अभिनंदन अवश्य करावे. पण त्याबरोबर खाली वाकून मागेही पाहावे, आणि विचारावे की हा पीळ कितीपट होऊन, कोणाच्या दात्यांवर पडतो आहे.